बेटावरची भाऊबीज

परवा संध्याकाळी टीव्हीवर एक बेट दाखवत होते. बेट एकच, पण त्यावर देश दोन. एका देशातली माणसं पिढ्यानपिढ्या दुसऱ्या देशात ऊस तोडायला जातात. आता त्या दुसऱ्या देशाला ती नकोशी झालीत, म्हणून सरहद्दीवर भिंत उभी राहते आहे आणि माणसं जाळीच्या गाड्यांत भरून परत पाठवताहेत. मी चहा तसाच ठेवून बघत बसलो. आमची ही म्हणाली, "तुम्हाला काय कळतं हो त्यातलं? सात रस्ता चौकातून घरी येताना रिक्षा चुकते तुमची." मी म्हणालो, "मला सगळं कळतं. मी त्या बेटावर राहिलोय. एवढंच नाही, भिंतीचा ठराव माझ्या हातचा होता." तिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही हकीकत मी तिला सांगितली नव्हती. लपवण्यासारखं काही होतं म्हणून नव्हे. आपण किती मोठे शहाणे होतो हे बायकोला पुराव्यासकट सांगण्याची घाई कुणालाच नसते.

आमच्या साखर कारखान्याच्या एका अंगाला नदी होती आणि दुसऱ्या अंगाला कालवा. मधल्या पट्ट्याला श्रीपूरच्या बाजूचे सगळेच लोक 'बेट' म्हणायचे. त्या बेटाचा निम्मा भाग आमचा, म्हणजे कॉलनी: तारेच्या कुंपणाआत दगडी क्वार्टर्स, गणपतीचं देऊळ, गिरणी, एक दुकान आणि गेटाजवळचा मोठा नळ. उरलेला निम्मा भाग पावसाळाभर मोकळा पडलेला असायचा, तिथे गवत आणि विंचू. दसरा झाला की पुलावरून बैलगाड्या यायला लागत आणि बघता बघता तिथे आमच्यापेक्षा मोठं गाव उभं राही. बांबू आणि उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, प्रत्येक कोपीपुढे चूल, गाडी आणि बैल. ऊसतोड्यांच्या त्या वस्तीला तळ म्हणायचे. कारखान्याचा भोंगा दोन्हीकडे सारखाच ऐकू यायचा आणि चिमणीची काजळी दोन्हीकडच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सारखीच पडायची. मळीचा वास असा सुटायचा, की पाहुण्यांना मळमळायचं आणि आम्हाला भूक लागायची. अजूनही एखाद्या ट्रकमधून तो वास आला की मला बाजरीची भाकरी आठवते. डॉक्टरांनी बाजरी चालेल म्हटलंय, भाकरीवरचं लोणी चालणार नाही म्हटलंय.

दोन देशांत चालतो तसा आमचा व्यापारही चालायचा. उसाच्या हिरव्या शेंड्यांना वाढे म्हणतात. ऊस कारखान्याचा, पण वाढे तोडणाऱ्याचे, असा रिवाज. ते विकायचा हक्क त्याचाच. कॉलनीत घरोघरी एखादी म्हैस होती आणि ती हिवाळाभर तळावरच्या वाढ्यांवर जगायची. तळावरच्या बायका डोक्यावर भारे घेऊन यायच्या आणि आमच्या बायका दारात उभ्या राहून, भारा लहान आहे, पाला सुकलाय, काल शेजारणीला स्वस्त दिलास, असं करत भाव पाडायच्या. त्याच बायका मग आमच्या गिरणीवर दळायला आणि आमच्या दुकानात चहापत्ती घ्यायला गेल्या की दुकानदार भाव चढवायचा. ते चढलेले भाव कॉलनीलाही पडायचे, आणि मग आम्ही म्हणायचो, हे लोक आले की महागाई येते. हे लोक आल्याशिवाय कारखान्याचं चाक फिरत नाही आणि आमचा पगार होत नाही, हे मात्र कुणी म्हणायचं नाही.

आमच्या घरात ही सरहद्द स्वयंपाकघरातून जायची. अण्णा साखरेच्या गोदामावर कारकून होते. टेरिकॉटचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मोजकं. कुणी गाव विचारलं तर म्हणायचे, "मूळचे बालाघाटाकडचे, थोडी जमीन आहे." जमीन होती खरी, त्यात दगड सोडून काही उगवत नव्हतं. अण्णा लहानपणी याच तळावर, याच गाड्यांतून आले होते. कारखान्याच्या शाळेत शिकले, हुशार निघाले आणि कुंपणाच्या अलीकडे आले. आई त्यांच्याच भागातली. कॉलनीत तिला लीलाताई म्हणत. ती शेजारणींशी बोलताना 'आहे' आणि 'नाही' अगदी जपून वापरायची, काचेची बांगडी चढवावी तशी. पण दसऱ्यानंतर एखाद्या सकाळी पुलाकडून घुंगरं वाजली की तिच्या हातातलं लाटणं थांबायचं, आणि "आल्या की रं गाड्या!" हे वाक्य ती अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणायची. त्या दिवसापासून घरात 'हाय' आणि 'न्हाय' राज्य करायचे. मी सोलापूरच्या कॉलेजात शिकत होतो, त्यामुळे तिचे उच्चार सुधारणं हे माझं राष्ट्रीय कर्तव्य होतं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय रं माज्या मास्तरा."

गाड्यांतली एक गाडी रंगामामाची असायची. रंगामामा आईचा थोरला भाऊ. ऊस तोडायचा आणि गाडी हाकायचा. हॉस्टेलवर मी मित्रांना सांगत असे, की माझे मामा ट्रान्सपोर्टमध्ये आहेत. दोन बैल आणि दोन चाकं, एवढा त्या ट्रान्सपोर्टचा पसारा. दिवाळीला तो कधी वाटेत असायचा, कधी नुकता कोपी बांधत असायचा, म्हणून आमच्याकडे भाऊबीज पंचांगाप्रमाणे येत नसे. मामा आला की भाऊबीज. आई करंज्यांचा डबा पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायची आणि आम्हा सगळ्यांना सांगायची, की करंज्या संपल्या. त्या डब्यातल्या करंज्या आईला कळू न देता कशा चोरायच्या हे मी शोधून काढलं होतं. माझ्या बुद्धीचा आयुष्यातला तेवढाच निर्विवाद उपयोग. मामा यायचा तो मात्र गेटातून नाही. आमच्या क्वार्टरच्या मागे कुंपणाच्या तारा वाकलेल्या होत्या, तिथून दिवेलागणीला यायचा. स्वयंपाकघरातच पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, करंज्या खायचा आणि शेजारी फिरायला निघायच्या आत आल्या वाटेने जायचा. हे असं करायचं, असं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. अण्णा तेवढा वेळ पुढचं दार लावून घ्यायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तो राज्यशास्त्राचं पहिलं वर्ष अर्धं गिळून. सार्वभौमत्व हा शब्द मला नुकताच मिळाला होता आणि तो कुठे वापरावा यासाठी मी तळमळत होतो. संधी चालून आली. देवळाची पितळी घागर नाहीशी झाली होती आणि नळाची धार बारीक झाली होती. दोन्हीचा आळ तळावर आला. देवळात सभा भरली. अध्यक्ष गायकवाडसाहेब, ऊस यार्डाचे सुपरवायझर. ते म्हणाले, "पाणी आपलं, नळ आपला, आणि रांगेत आपल्याच बायका मागं." मी उठलो. सार्वभौमत्व, सीमा, नियमन, असं मी बरंच बोललो. लोक ऐकत राहिले, कारण मधे थांबावं असं मला वाटत नव्हतं आणि मला थांबवावं असं त्यांना सुचत नव्हतं. शेवटी मला कॉलनी संरक्षण समितीचा सेक्रेटरी केलं गेलं. (घागर नंतर पुजाऱ्याच्या घरी सापडली, आतून चिंच लावून ठेवलेली. पण तोवर ठराव झाला होता, आणि झालेला ठराव घागरीसाठी कोण मोडतो?)

कुंपणाच्या वाकलेल्या तारा ओढून घ्यायच्या, सगळी ये-जा गेटातूनच, आणि गेटावर पाटी लावायची असं ठरलं. पाटीचा मजकूर माझ्याकडे आला आणि तिथे मी माझी खरी हुशारी दाखवली. तारा ओढल्या की मामाची वाट बंद, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी काही अगदीच दगड नव्हतो. म्हणून मी मजकुरात गुपचूप एक पळवाट ठेवली. पाटीवर सुबक अक्षरात लिहिलं: 'कॉलनीतील रहिवाशांचे नातेवाईक वगळता बाहेरील व्यक्तींस प्रवेश बंद.' म्हणजे मामा नातेवाईक म्हणून आत येणार, कुणाला पत्ता लागणार नाही, आणि सार्वभौमत्वही शाबूत. ठराव सगळ्यांना वाचून दाखवला. 'नातेवाईक वगळता' या शब्दांवर कुणीच हरकत घेतली नाही. मला वाटलं, लोकांच्या ध्यानात आलं नाही. प्रत्येकाला मनात वाटलं असणार, बरंच झालं, तळावर आपले नातेवाईक असल्याचं आपल्याखेरीज कुणाला ठाऊक आहे?

आता नातेवाईक कोण हे विचारल्याशिवाय कळणार कसं, एवढी साधी गोष्ट माझ्या राज्यशास्त्रात नव्हती. गेटावर हुसेनचाचा होते. जन्मभर मिलच्या घरघराटात काम केल्यामुळे त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. गुरं शेजारच्या शिवारातून माना वर करून बघतील असा त्यांचा आवाज. पाटी लागली त्या सकाळी नळावर सगळी कॉलनी रांगेत उभी होती. तळावरची एक म्हातारी आली. चाचांनी पाटीकडे बोट केलं आणि गरजले, "किसका नातेवाईक? नाव सांगायचं!" म्हातारी तेवढ्याच दमात म्हणाली, "माजी पुतनी हाय की हितं. शाळंत शिकिवती ती!" नळावरच्या सगळ्या माना शाळेच्या बाईंकडे वळल्या. बाई आम्हाला आदल्या दिवसापर्यंत आपलं माहेर पुण्याजवळ असल्याचं सांगत असत. त्यांनी कळशी खाली ठेवली, म्हातारीचा हात धरला आणि तिला घरी घेऊन गेल्या. मग दुसरा आला. "किसका?" "गायकवाडसायबाचा चुलतभाऊ. त्येंच्या आन् माज्या बापानं एका कोयत्यावर ऊस तोडलाय." गायकवाडसाहेब ओट्यावर दाढी करत होते. चाचांनी तिथूनच विचारलं, "साहब, ये तुमचा भाऊ?" साहेबांच्या निम्म्या तोंडाला साबण होता. ते म्हणाले, "मी ओळखत नाही." तो माणूस थोडा हसला, डोक्याचा फडका काढून तोंड पुसलं आणि परत फिरला. चाचांना आपलं काम आवडायला लागलं होतं. दुपारपर्यंत निम्मी कॉलनी तळाची पाहुणी निघाली. बायका पाणी भरून झाल्यावरही नळावरून हलेनात.

दुपारी गायकवाडसाहेबांनी मला घरी बोलावलं. त्यांनी दाढी पूर्ण केली होती, पण एका बाजूला कापलं होतं. "ते वगळता बिगळता तुला कुणी घालायला सांगितलं होतं?" मी त्यांना अपवाद आणि नियम यांचा संबंध समजावून सांगत होतो आणि ते मला माझ्या अकलेचा आणि भोपळ्याचा संबंध समजावून सांगत होते. एवढ्यात मी घरी नसताना, गेटावर नसताना, जे व्हायचं ते झालं.

मी घरी पोचलो तेव्हा आई तयार होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, ताटात निरांजन, हळदकुंकू, सुपारी, पाट मांडलेला, करंज्यांचा डबा उघड्यावर आलेला. तारा ओढल्यात हे तिला माहीत होतं, पण मी तिला माझी पळवाट समजावून सांगितली होती आणि तिने तळावर तसा निरोप धाडला होता. "ह्या वर्षी दादा म्होरल्या दारातनं येणार," असं ती सकाळपासून घरातल्या घरात म्हणत होती. आज लिहिताना कळतं, की तिला माझी हुशारी पटली नव्हती. तिला फक्त पुढचं दार हवं होतं. तेवढ्यात हुसेनचाचा सांगायला आले. त्यांच्या दृष्टीने बातमी चांगली होती, आणखी एक माणूस नियमाने परत गेला होता. "एक बुड्ढा आया था. नवीन धोतर, हातात पिशवी. मैं पूछा, कुणाचं नातेवाईक? बोला, कुणाचाच न्हाय. वापस गया बिचारा. पण लई वेळ तुमच्याच घराकडं बघत हुबा था."

गायकवाडसाहेबांच्या भावाचं काय झालं, ते तळावर पोचलं असणारच. मामाने आपल्या बहिणीला 'ओळखत नाही' म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून आपणच 'कुणाचाच न्हाय' म्हणून टाकलं. हे मला तिथल्या तिथे कळलं. आईने निरांजन विझवलं. ताटावर फडकं टाकून ते हातात घेतलं, करंज्यांचा डबा काखेत मारला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडली. गेटातून, भर दुपारी, सगळ्यांदेखत ती तळाकडे चालत गेली. चाचांनी तिला काही विचारलं नाही. बाहेर जाणाऱ्यांबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा गोदामावरून आले. चूल गार, म्हैस ओरडते आहे आणि मी पाटाजवळ बसलेला. सगळं ऐकून त्यांनी शर्ट काढला, खुंटीला लावला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "चल." आम्ही दोघे दिवेलागणीला गेटाबाहेर पडलो. अण्णा त्या बाजूला किती वर्षांनी चालत होते कोण जाणे, पण पायांना वाट बरोबर सापडत होती. मी मात्र वाटभर उत्तरं तयार करत होतो. कुणाकडे आलात, कुणाचे कोण, असं विचारतील, तेव्हा काय म्हणायचं? लीलाताईंचा मुलगा म्हणावं, तर इथे तिला लीलाताई कोण म्हणणार? तिचं माहेरचं नाव काय, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि अण्णांना त्या वेळी विचारायची छाती होईना.

कुणी काही विचारलंच नाही. कोप्यांपुढे चुली पेटलेल्या होत्या, बैल वाढे खात होते. आम्ही मामाच्या कोपीपाशी पोचलो तसे तिथे बसलेले लोक थोडे थोडे सरकले आणि दोन माणसांची जागा झाली. कुणीतरी हातावर भाकरी ठेवली, भाकरीवर शेंगाची चटणी, आणि तेल. आई लुगडं खोचून चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि मोठ्याने बोलत होती, मी कधी ऐकली नव्हती इतक्या मोठ्याने. तिला तिथे सगळे चंद्राक्का म्हणत होते. मामा बाजूला गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला होता. ताट अजून फडक्याखालीच होतं. तो म्हणाला, "ओवाळ की आता चंद्रे, किती वाट बगतीस." आई म्हणाली, "हितं न्हाय. माज्या घरात. पाटावर." अण्णांनी खाली बघत भाकरी मोडली. त्यांना ठसका लागला तेव्हा मामानेच तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "दावणीला बांदल्यागत काय बसलाय दाजी, सावकाश जेवा." मी आईला विचारलं, "घरी कधी येतेस?" तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "येते की सकाळी. दादाला घिऊन येते. तू गेटावर हुबा ऱ्हा. पाटी तुजी हाय. तूच इचार आन् तूच सांग."

सकाळी पाण्याची वेळ. ती वेळ आईने मुद्दाम निवडली होती यात मला शंका नाही. डोक्यावर वाढ्यांचा भारा, हातात झाकलेलं ताट, मागे मामा, नव्या धोतरात, काखेत करंज्यांचा डबा, मान खाली. गेटाशी येऊन ती थांबली. हुसेनचाचा गडबडून म्हणाले, "अरे भाभी, आप जाव ना अंदर, तुम्हाला कोण विचारतंय?" आई म्हणाली, "न्हाय चाचा, इचारा. नियम हाय." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. नळ वाहत होता आणि कुणी घागर खाली लावत नव्हतं. गायकवाडसाहेब ओट्यावर होते. चाचांनी त्यातल्या त्यात हळू विचारलं, म्हणजे कारखान्यापर्यंत पोचेल असं: "किसका नातेवाईक?"

आई माझ्याकडे बघत उभी राहिली. मदत करायचा तिचा अजिबात विचार दिसत नव्हता. मला सभेतलं भाषण आठवलं, अपवाद आठवला, ट्रान्सपोर्ट आठवलं. तोंड उघडलं तर सोलापुरात कमावलेली सगळी शुद्ध मराठी घशातच राहिली आणि जे बाहेर पडलं ते असं: "ही माजी आय हाय! आन् ह्यो माजा मामा! ऊस तोडतो ह्यो!" इतक्या जोरात, की माझा आवाज फुटून त्यात कोंबड्याचा स्वर आला. नळावर कुणीतरी खुदकन हसलं. मामा घाईने पुढे आला, माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "आरं वरडतोस कशाला, ह्यो काय गुन्हा हाय व्हय सांगायला?" मला रडू आलं. मी समितीचा सेक्रेटरी होतो आणि भर गेटात, पाटीखाली उभा राहून रडत होतो.

मामा पुढच्या दाराने आत आला. अण्णांनी दार उघडं ठेवलं होतं आणि स्वतः उंबऱ्यात उभे राहून ते "या, या" म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. आईने पाट स्वयंपाकघरातून उचलून पुढच्या खोलीत, अगदी दारासमोर मांडला, म्हणजे नळावरून दिसावं. मामा त्यावर अंग चोरून बसला. तिने निरांजन लावलं, कुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि त्याच्या तोंडात अख्खी करंजी कोंबली. मग ताट खाली ठेवून त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आता सांग दादा. काल गेटावर काय म्हनलास? कुनाचा हायस तू?"

मामाचं तोंड करंजीने भरलं होतं. त्याला बोलता येईना. त्याने हात उचलला आणि बोटाने तिच्याकडे दाखवलं.